दगड एकच, मग सोलापूरची माती काळी आणि आपली तांबडी कशी?

कुंडीवाला (घोडबंदर रोड, ठाणे)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात दोन रविवार वाद झाले, म्हणून इथे टाकतो.

बाल्कनीत अकरा कुंड्या आहेत. सासरे बार्शीकडचे. दिवाळीनंतर आले ते गोणीभर शेतातली काळी माती घेऊन, तीही एसटीने. कंडक्टरने विचारलं तर म्हणाले, "ज्वारी आहे." त्याच सुमारास मी येऊरच्या पायथ्याकडून दोन घमेली तांबडी माती आणली होती. म्हटलं, लावूनच बघू. दोन सारख्या कुंड्या, एकाच पाकिटातलं टोमॅटोचं बी, सारखं पाणी, वरून खत काहीच नाही.

लाल कुंडीतलं रोप वीतभर होऊन थांबलं, पानं खालून जांभळट. काळ्या कुंडीतलं कमरेला लागलं. पण तीन दिवस गावाला गेलो, तर काळी माती कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटून मधे ढेकूळ होऊन बसलेली. वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खालच्या ताटलीत. शिवाय काळ्या मातीतल्या कढीपत्त्याची नवी पानं पिवळी पडतायत. शिरा तेवढ्या हिरव्या.

सासरे म्हणतात, "काळी ती जमीन, बाकी सगळा मुरूम." बायको अर्थातच त्यांच्या बाजूने. माझी आई रत्नागिरीची, ती म्हणते, "मग हापूस काय आभाळातून पडतो?"

शाळेत शिकलो होतो की जवळजवळ अख्खा महाराष्ट्र एकाच काळ्या दगडावर बसलाय. मग त्याच दगडाची तिकडे काळी आणि इकडे लाल माती कशी होते? आणि खरंच कोणती चांगली?

शाळू_हुरडा

सासऱ्यांना दंडवत. विषय संपला, धागा बंद करा.

गंमत सोडा. मी मंगळवेढ्याचा, सध्या मुक्काम कळंबोली. आमच्याकडे रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. त्यानंतर पाऊस आला तर आला. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ते पीक निघतं. कोकणातल्या मातीत हे करून दाखवा. जून ते सप्टेंबर धो धो, आणि डिसेंबरात विहिरी तळाला!

निवांत_ठाणेकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सासरे विरुद्ध आई, मधे टोमॅटो.

रानवाट

कुंडीवाला, येऊरकडून माती आणली म्हणजे नक्की कुठून? तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून मातीच काय, पालापाचोळाही उचलायचा नसतो. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि आपण टोमॅटोसाठी घमेली भरतो. राग आला म्हणून लिहिलं.

कुंडीवाला

रानवाट, अहो थांबा! उद्यानातून नाही आणली. पायथ्याला एका टॉवरच्या पायाचं खोदकाम चाललंय, डंपर निघत होते, ड्रायव्हरने दोन घमेली दिली. येऊरचा पायथा म्हटलं ते चुकलंच.

रानवाट

मग ठीक. शब्द मागे.

बाईंचा_नकाशा

तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे राहवत नाही.

दगड एकच, हे बरोबर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, तोच आपला बेसॉल्ट. पण दगड हा नुसता कच्चा माल. त्याचं पुढे काय होतं ते पाणी ठरवतं. किती पडतं आणि कुठून निघून जातं, दोन्ही.

गाळणीत चहापत्ती घ्या आणि वरून गरम पाणी ओतत राहा. पहिल्या कपात रंग, चव सगळं उतरतं. विसाव्या कपापर्यंत गाळणीत नुसता चोथा उरतो. कोकणात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दगडातला चुना, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅश विरघळून निघून जातात. शेवटी तर वाळूचा जो मूळ घटक, सिलिका, तोही हळूहळू जातो. मागे राहतं ते न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाला हवा लागली की गंज चढतो. आपली लाल माती म्हणजे गंजलेला बेसॉल्ट, असं मी मुलांना सांगायचे.

सोलापुरात वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर. तेवढ्या पाण्यात पत्तीचा पहिला कपही नीट उतरत नाही. चुना जागेवरच राहतो आणि त्याच्या सोबतीने वेगळ्या जातीची चिकणमाती तयार होते. तिचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे. पानांच्या मधे पाणी शिरलं की फुगतात, गेलं की आकसतात. कुंडीवाला, तुमच्या कुंडीची कड सुटली ती यामुळे. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, वरची भुरभुरीत माती त्या भेगांत पडते, पावसात सगळं फुगून पुन्हा वर येतं. ही माती स्वतःच स्वतःला नांगरते.

आणि एक गैरसमज. काळी म्हणजे कुजलेला पाला भरपूर, असं मीही सुरुवातीची काही वर्षं शिकवलं. चूक होतं ते. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही आत असतो. जो थोडा असतो तो चिकणमातीला घट्ट धरून बसतो आणि सगळ्याला काळं करतो. चिमूटभर काजळ सगळं बोट काळं करतं, तसं.

चहाबिस्कीट

बाई, विसाव्या कपाचा चहा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मिळतो. रंगही लालच.

मुरबाडी_मामा

बाईंच्या उत्तराला मान देऊन एक खुसपट काढतो. आमचं गाव मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला. पाऊस तुमच्या ठाण्यापेक्षा कमी नाहीच. पण आमच्या भातखाचरातली माती काळपट, चिकट, फेब्रुवारीत तिला भेगाही पडतात. वर माळावर वरकस जमीन आहे, जिथे नाचणी-वरी करतात. ती तांबूस, हलकी, हाताला खडे लागणारी. दोन्हींत अंतर किती, तर बैल हाकत दहा मिनिटं. पाऊस तोच, दगड तोच. मग चहाच्या गाळणीचं काय झालं?

बाईंचा_नकाशा

मामा, असाच विद्यार्थी वर्गात हवा असतो.

तुमच्या वरकसातून वाहून गेलेला चुना आणि मॅग्नेशियम कुठे जातो? उताराने खाली. समुद्रापर्यंत सगळा पोचत नाही, काही वाटेत सपाटीला थांबतो. वरच्या शेताचं जे गेलं ते खालच्याला मिळालं. खाली पाणी साचून राहतं, निचरा कमी, म्हणून तिथे भर पावसाच्या मुलखातही फुगणारी, काळपट चिकणमाती तयार होते आणि टिकते. शिवाय खाचरात चार महिने पाणी उभं, मातीला हवा नाही, म्हणजे लोखंडाला गंज चढत नाही. लाली उतरून माती राखी होते. भात उपटून मुळं बघा. मुळांच्या आजूबाजूला तांबूस रेघा दिसतील. मुळं आपल्यासाठी वरून हवा आणतात, तेवढ्याच जागी लोखंड गंजतं.

डोंगरमाथा, उतार, पायथा, दरी या क्रमाने माती बदलत जाते, त्या साखळीला कॅटेना म्हणतात. लॅटिनमध्ये कॅटेना म्हणजे साखळीच. मिल्न नावाच्या शास्त्रज्ञाने १९३५ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्यांवर हिंडून हा शब्द रूढ केला. पुढे १९४१ मध्ये हान्स येनीने पाच घटक मांडले: हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक आणि काळ. कुंडीवाला फक्त खडक बघतायत, मी हवामानावर अडले होते, मामांनी भूरूप दाखवलं.

मुरबाडी_मामा

बाई, आमच्याकडे याला साखळी नाही म्हणत, "वरच्याच्या जिवावर खालचा" म्हणतात. भावकीतही तसंच आहे.

घाटवाट

भूरूपाचा विषय निघालाच आहे तर माथेरान बघा. ठाण्यापासून लोकलच्या अंतरावर.

नेरळ स्टेशनबाहेर भातशेती, माती करडी-काळपट. चढायला लागलात की कड्यांच्या अंगावर मातीच नाही, नुसता दगड आणि मुरूम, कारण उतारावर माती टिकायच्या आत धुपून जाते. आणि आठशे मीटरवर माथ्यावर पोचलात की एकदम लालबुंद. पांढरे बूट घालून गेलेला माणूस परत येताना ओळखू येतो. मामांचा नियम "वर हलकी, खाली भारी" म्हणतो, पण इथे वर हलकीच नाही तर भलतीच पिकलेली लाल माती आणि तिच्याखाली जांभा दगड. असं का?

बाईंचा_नकाशा

येनीचा पाचवा घटक. काळ.

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड हे एका जुन्या सपाट भूपृष्ठाचे उरलेले तुकडे आहेत. माथा सपाट, म्हणून माती वाहून गेली नाही. कड्याच्या टोकाशी असल्याने पाणी मात्र खालून झिरपून जात राहिलं. गाळणी लाखो वर्षं चालू! म्हणून तिथे लोखंड-ॲल्युमिनियमचं कवच झालं, तोच जांभा. आजूबाजूचं सगळं झिजून खाली गेलं, कवच असलेला भाग वर राहिला. ॲल्युमिनियम फार साठलं की त्यालाच बॉक्साइट म्हणायचं.

बुकानन नावाच्या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ मध्ये केरळातल्या दगडाला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये लाटेर म्हणजे वीट. तिथले लोक ओला असताना तो कुऱ्हाडीने कापायचे आणि हवेत ठेवला की तो कडक व्हायचा.

शाळू_हुरडा

म्हणजे रत्नागिरीचा चिरा? त्याची घरं पाहिलीत. पण मग ती माती इतकी धुतलेली, चोथा झालेली, तर हापूस कसा येतो? कुंडीवाल्यांच्या आईंचा मुद्दा राहिलाच की.

घाटवाट

झाडाला नुसतं खाणं लागत नाही, मुळांना श्वासही लागतो. आंब्याची मुळं खोल जातात, पाण्यात उभी राहिली की कुजतात. जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे करतात, त्यात माती भरून कलमं लावतात. भेगांतून पाणी भराभर निघून जातं. तुमच्या मंगळवेढ्याच्या जमिनीत अडीच हजार मिलिमीटर पाऊस ओता आणि हापूस लावून बघा. झाड जुलैतच गुदमरेल.

शाळू_हुरडा

अडीच हजार मिलिमीटर पडला तर आम्ही ज्वारी सोडून मासेच धरू.

थर्डमॅन

अवांतर: वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची, म्हणून चेंडू उसळतो. काळ्या मातीची खेळपट्टी संथ, चेंडू खाली राहतो. त्यामुळे लाल माती श्रेष्ठ. फलंदाजांनी मत देऊ नये.

निवांत_ठाणेकर

कुस्ती विसरलात. तालमीतली लाल माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू. एवढं खत कुंडीत घातलं असतं तर टोमॅटोने शड्डू ठोकला असता.

खाडीकाठचा

तुम्ही सगळे लाल-काळी खेळताय, आणि नवी मुंबईतला अर्धा माणूस ज्या मातीवर झोपतो तिचं नावच कोणी घेत नाही. खार!

आमचं गाव ठाणे खाडीच्या काठचं, मी आगरी. आजा खारात भात करायचा. खाजणात भरतीचं पाणी येतं, तिथे गावाने मिळून बांध घालायचा. बांधाला उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी दार. भरतीला बाहेरचं पाणी दाबतं, दार आपोआप बंद. ओहोटीला आत साठलेलं पावसाचं पाणी ढकलतं, दार उघडं. वीज नाही, मोटर नाही.

खाराची माती राखी-काळी, लोण्यासारखी मऊ, आत शिंपल्यांचे तुकडे. पहिल्या पावसात पेरायचं नाही. पाऊस पडू द्यायचा, शेतात पाणी साठवायचं, उघाडीतून सोडायचं, पुन्हा साठवायचं. मीठ धुऊन काढायचं, मग भात. काही ठिकाणी लावणी न करता मोड आणलेलं बी चिखलात फेकायचे, त्याला रहू म्हणायचे. भाताच्या जाती पण खाराच्याच, काळा राता, भुरा राता. तांदूळ लालसर. तो भात आणि निवट्यांचं कालवण, बाकी काही नको.

कापणी झाली की उन्हाळ्यात खालचं पाणी वर चढतं, वर येऊन उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. मे महिन्यात शेतावर पांढरी साय धरायची. आजा म्हणायचा, मीठ फुललं. पाऊस मीठ खाली नेतो, ऊन वर आणतो. शेतकरी मधे उभा. आणि एकदा बांधाला खांड पडून भरती आत शिरली की ते शेत पुढचे दोन-तीन पावसाळे हातचं गेलं.

आता त्या शेतावर सेक्टर आहे. पनवेलला खार जमिनीचं संशोधन केंद्र आहे, त्यांनी मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, पनवेल १, २, ३ अशा. त्या लावायला आमच्याकडे आता शेत मात्र नाही.

तर कुंडीवाला, या मातीला तुमचे सासरे काय म्हणतील?

रानवाट

खाडीकाठचा, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली. त्या चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येतो तो गंधकाचा. हवा न मिळाल्याने तिथले जंतू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यातून तो वायू निघतो. काळा रंगही लोखंड आणि गंधक एकत्र आल्याने. म्हणजे कोकणातलंच लोखंड, डोंगरावर हवा मिळाली म्हणून लाल आणि खाडीत नाही मिळाली म्हणून काळं. ऐरोलीच्या बाजूला हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात ते याच चिखलावर.

पाया_पक्का

सिव्हिल इंजिनियर आहे, नवी मुंबईत वीस वर्षं. खाडीकाठच्या दादांनी लोण्यासारखी म्हटलं, आम्ही साइटवर श्रीखंड म्हणतो. काही ठिकाणी ही चिकणमाती दहा मीटरच्याही खाली जाते. इमारत तिच्यावर उभी राहत नाही, पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, तिच्यातून आरपार खालच्या मुरमापर्यंत किंवा दगडापर्यंत नेतात.

पण आवार? तिथे नुसता भराव टाकलेला असतो. भरावाच्या वजनाने खालच्या चिखलातलं पाणी वर्षानुवर्षं पिळून निघत राहतं आणि जमीन बसत जाते. इमारत पाइलवर, म्हणून जागेवर. तुमच्या सोसायटीच्या जिन्याला दहा वर्षांपूर्वी एक पायरी होती आणि आता दोन आहेत, असं असेल तर बिल्डरला शिव्या देण्याआधी खालच्या खाजणाची आठवण काढा. मग बिल्डरलाही द्या, कारण घाई न करता आधी जमीन दाबून घ्यायचे उपाय असतात.

सोलापूरच्या काळ्या मातीची डोकेदुखी वेगळी. ती दरवर्षी फुगते आणि आकसते, वरच्या भिंतींना तिरक्या भेगा जातात. फुगणारी चिकण दोन्हीकडे आहे, कारण दोन्हीकडे बेसॉल्टच झिजून आलाय. फक्त खाडीतली कधी वाळतच नाही, म्हणून तिला आकसायची संधी मिळत नाही.

चहाबिस्कीट

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीला तीन पायऱ्या झाल्यात. चौथी आली की लिफ्टची मागणी करणार.

बागेतली_मावशी

मी नेरुळला. सोसायटीच्या बागेत जास्वंद, मोगरा काही तगत नव्हतं. पानांच्या कडा जळल्यासारख्या व्हायच्या. कोणीतरी सांगितलं जिप्सम टाका, खारट जमिनीला तोच उपाय. दोन गोणी टाकल्या, काही फरक नाही. नारळ मात्र मजेत.

रोपवाला_कळवा

मावशी, ही गल्लत फार लोक करतात. खारी आणि चोपण या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत. खारी म्हणजे विरघळलेलं मीठ जास्त. तिला उपाय गोडं पाणी आणि निचरा, मीठ धुऊन बाहेर काढायचं. मिठाचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की माती खारी धरतात. चोपण म्हणजे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेलं, सामू (pH) साडेआठच्या वर, पाणी मुरतच नाही. तिथे जिप्सम कामाला येतो, कारण त्यातला चुना सोडियमला हुसकावतो. आधी मातीपरीक्षण करून घ्या, मग गोण्या. आणि बागेला बोअरचं पाणी देत असाल तर आधी तेच तपासा, खाडीलगत ते मचूळ निघतं. तुम्ही एका हाताने मीठ घालून दुसऱ्या हाताने जिप्सम घालत असाल.

बागेतली_मावशी

बोअरचंच आहे हो. टँकर परवडत नाही म्हणून कमिटीने... असो. सोमवारी तपासायला देते.

रोपवाला_कळवा

आता मूळ धाग्याकडे. कुंडीवाला, मी वरचं सगळं पुन्हा वाचलं. तुम्ही रानवाटांना उत्तर देताना म्हणालात की लाल माती टॉवरच्या पायाच्या खड्ड्यातून आली. किती खोल खड्डा होता?

कुंडीवाला

दोन मजली तळघराचा. डंपर भरत होते तेव्हा पंधरा-वीस फूट तरी खाली गेले असतील. का?

रोपवाला_कळवा

मग तुमची स्पर्धाच खोटी. सासऱ्यांनी शेताची वरची माती आणली. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत पडलेली, कुळवलेली, मुळं कुजलेली. तुम्ही आणलात वीस फुटांखालचा मुरूम, ज्याने आजवर एक गवताचं पातं पाहिलं नाही. सासरे "बाकी सगळा मुरूम" म्हणाले ना, ते तुमच्या कुंडीपुरतं अक्षरशः बरोबर आहे. कोकणाबद्दल नाही.

पानं जांभळट झाली ती स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्याने. लाल मातीत लोखंड आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, झाडाला सोडत नाहीत. वर तुम्ही खतही घातलं नाही. दोन वाट्या चांगलं शेणखत आणि मूठभर बोनमील घातलं असतं तरी चित्र बदललं असतं.

कढीपत्त्याचं उलट. काळ्या मातीत चुना, सामू आठच्या आसपास, तिथे लोखंड असूनही झाडाला घेता येत नाही. शिरा हिरव्या, पान पिवळं, ही त्याचीच खूण. हिराकस (लोहाचं सल्फेट) अगदी थोडा पाण्यात विरघळवून फवारा. कायमचा उपाय म्हणजे मातीत पालापाचोळ्याचं खत आणि भाताचं तूस भरपूर मिसळा, कुंडीतली ती ढेकूळही मोकळी होईल.

घरी दोन परीक्षा करा. एक, वाळलेल्या मातीच्या चिमटीवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसली तर आत चुना. दोन, काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चमचाभर भांडी घासायचा साबण, खळखळून हलवून ठेवा. मिनिटाभरात वाळू बसते, काही तासांत पोयटा, आणि चिकण दोन दिवस तरंगत राहते. थर मोजा. रंगावर जाऊ नका.

कुंडीवाला

रविवार सत्कारणी लागला. निकाल देतो.

सासऱ्यांची काळी: व्हिनेगर टाकताच सोड्यासारखी फसफसली. बरणीत तळाला बोटभर वाळू, वर जाड चिकण, पाणी दोन दिवसांनीही गढूळ. मातीत हरभऱ्याएवढे पांढरे खडेही सापडले, ते तर अजून जोरात फसफसले.

माझी लाल: ढिम्म. बरणीत अर्ध्याहून जास्त भाग खडे आणि वाळू. रोपवाल्यांनी म्हटलं तेच, मुरूम.

गंमत पुढे. मेव्हणा वाशीला राहतो, तो धागा वाचून सोसायटीच्या मागची राखी माती डब्यात घेऊन आला. तीही फसफसली! आता ही बार्शीहून आली म्हणायची का?

बाईंचा_नकाशा

शिंपले. खाडीकाठच्या दादांनी आधीच लिहिलंय. शिंपला म्हणजे चुनाच. मेव्हण्याच्या मातीत चुना समुद्रातून आला, सासऱ्यांच्या मातीत दगडातून. परीक्षा एक, उत्तर एक, इतिहास दोन. म्हणून मी मुलांना सांगायचे, डबा उघडायच्या आधी विचारा, माती कुठल्या उतारावरून आणलीस.

शाळू_हुरडा

म्हणजे अंतिम निकाल काय? लाल की काळी?

मुरबाडी_मामा

भाताला खालची, नाचणीला वरची. आणि दोन्ही माझ्या असतील तर मला काहीच वाद नाही.

खाडीकाठचा

आणि मिठाला खार.

कुंडीवाला

सासऱ्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. मुरमाबद्दल ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." हिराकसाबद्दल म्हणाले, "तो आमच्याकडे द्राक्षवाले मारतात, मला काय सांगता." मग थोडं थांबून म्हणाले, "खरी झुंज लावायची तर विहीणबाईंच्या वाडीतली वरची वीतभर माती आणा, पुढच्या दिवाळीला बघू."

आई तयार आहे. मे महिन्यात रत्नागिरीला जातोय, परत येताना गोणी आणणार.

निवांत_ठाणेकर

एसटीने? कंडक्टरला काय सांगणार?

कुंडीवाला

काजू.

घाटवाट

काजू सांगितलंत तर तो गोणी उघडून बघेल. कुळीथ सांगा.